हत्ती, होडी आणि घरातले डोरले

किलोभर लोखंड जड की किलोभर कापूस, हा प्रश्न प्रत्येक शाळेत एकदा तरी विचारला जातो. अर्धा वर्ग "लोखंड!" म्हणून ओरडतो आणि गुरुजी हसतात. दोन्ही किलोच, मग जड-हलके कुठले? पण ओरडणारी मुले अगदीच चुकीची नसतात. त्यांच्या मनात नुसते वजन नसते. मुठीत मावेल एवढे लोखंड आणि मुठीत मावेल एवढा कापूस यांची ती तुलना करीत असतात. वस्तूने किती जागा व्यापली आणि तेवढ्या जागेत किती वजन भरले, याच्या हिशेबाला विज्ञानात घनता म्हणतात. वजनाला आकारमानाने भागायचे, की झाले. एक घनसेंटिमीटर पाणी म्हणजे एक ग्रॅम. तेवढेच पितळ साडेआठ ग्रॅमच्या आसपास, चांदी साडेदहा, शिसे 11.3 आणि शुद्ध सोने 19.3 ग्रॅम.

भागाकार सोपा आहे. अडचण येते ती जागा मोजण्यात. पेटी असती तर लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार केला असता. पण डोरल्याची लांबी-रुंदी काय मोजणार? वरवंट्याची? मूर्तीची? जहाजाची? नेमका इथेच सामान्य माणूस फसतो. दुकानदार एक तर वजनाने विकतो, नाही तर मापाने. या दोहोंच्या मधे काय दडले आहे ते पाहायला आपल्याजवळ साधन नाही, असे आपण समजतो. ते साधन प्रत्येकाच्या घरात आहे. ते म्हणजे पाणी.

म्हाताऱ्या बापाने सोडवलेले कोडे

ही युक्ती किती जुनी आहे हे सांगणारी एक कथा बौद्ध वाङ्मयात आहे आणि ती आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाही, याचे वाईट वाटते. 'संयुक्तरत्नपिटक' या नावाने ओळखला जाणारा कथासंग्रह इसवी सन 472 मध्ये चिनी भाषेत उतरवला गेला. त्यातली ही कथा.

एका राज्यात म्हाताऱ्या माणसांना हाकलून देण्याचा कायदा होता. एका मंत्र्याला आपल्या बापाला टाकवेना. त्याने जमिनीखाली तळघर करून बापाला लपवले आणि तो त्याची सेवा करू लागला. पुढे एक देव राजापुढे प्रकट झाला आणि कोडी घालू लागला. उत्तरे आली नाहीत तर राज्याचा नाश करीन म्हणाला. त्यातले एक कोडे असे, की या मोठ्या पांढऱ्या हत्तीचे वजन किती? हत्ती मावेल असा तराजू कुठून आणायचा? दरबार गप्प. मंत्री घरी जाऊन बापाला विचारतो. बाप सांगतो, हत्तीला होडीत चढव, होडी तळ्यात सोड, पाणी कुठवर येते तिथे खूण कर. मग हत्ती उतरव आणि त्या खुणेपर्यंत होडी बुडेल इतके दगड भर. दगड एकेक करून तोल. तेच हत्तीचे वजन.

त्याच कथेत आणखी एक कोडे आहे आणि ते तर थेट आपल्या विषयाचे आहे. चंदनाचा एक चौकोनी तासलेला ओंडका, दोन्ही टोके सारखी. बुंध्याकडचे टोक कोणते आणि शेंड्याकडचे कोणते? म्हातारा सांगतो, पाण्यात टाका. बुंध्याकडचे टोक खाली जाईल, शेंड्याकडचे वर राहील. बुंध्याचे लाकूड अधिक घट्ट, म्हणजे त्याची घनता जास्त. डोळ्यांना दोन्ही टोके सारखी, पण पाण्याला फरक कळतो. शेवटी म्हाताऱ्याच्या शहाणपणाने राज्य वाचते आणि राजा तो कायदा मोडून काढतो. जातककथांच्या पद्धतीप्रमाणे कथेअखेर भगवान बुद्ध सांगतात, तो पिता म्हणजे मीच होतो.

चीनमध्ये हीच हत्तीची गोष्ट त्साओ चोंग या राजघराण्यातल्या मुलाच्या नावे प्रसिद्ध आहे. हा मुलगा इसवी सन 196 ते 208 असा जेमतेम बारा वर्षांचे आयुष्य जगला. चेन यिन्के या चिनी इतिहासकारांचे मत असे, की ही कथा भारतीय बौद्ध कथांमधूनच तिकडे गेली आणि त्या मुलाच्या नावाला चिकटली. आपल्या महाराष्ट्रात ती शहाजीराजांच्या नावे सांगतात. गोष्ट चांगली असली की तिला मालक पुष्कळ भेटतात.

गोदीतला हिशेब

होडीवरची ती खूण आजही पुसलेली नाही. आपल्यापैकी कित्येकांचे वडील, आजोबा मुंबईच्या गोदीत हमाली करीत होते. प्रिन्सेस डॉक 1880 साली, व्हिक्टोरिया डॉक 1888 साली आणि अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, 1914 साली सुरू झाला. त्या धक्क्यांवर उभे राहिलेल्याने जहाजाच्या अंगावर रंगवलेले आकडे पाहिले असतीलच. पुढे, मधे आणि मागे, दोन्ही बाजूंना. कोळसा, धान्य, खनिज असा सुटा माल हजारो टन असतो, तो तोलायचा कोण आणि कसा? जहाज माल भरण्याआधी कितपत पाण्यात होते आणि भरल्यावर किती खाली गेले, हे त्या सहा ठिकाणी वाचतात. बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन काढतात. त्यातून जहाजाचे स्वतःचे वजन, इंधन, टाक्यांतले पाणी वजा करतात. राहिला तो माल. म्हाताऱ्या बापाची पद्धत, फक्त हत्तीऐवजी कोळसा.

यात एक खोच आहे. समुद्राचे पाणी खारट, म्हणून जड. त्याची घनता साधारण 1.025, गोड्या पाण्याची 1. फरक नगण्य वाटतो, पण वीस हजार टन पाणी बाजूला सारणाऱ्या जहाजात तो पाचशे टनांचा होतो. म्हणून मोजणारा माणूस जहाजाशेजारचे पाणी बादलीने वर ओढून त्याचीही घनता तपासतो. ते केले नाही तर पाचशे टन माल कागदावर उगवेल किंवा नाहीसा होईल.

जहाजाच्या मध्यावर एक वर्तुळ आणि त्यातून आडवी रेघ असते. ती प्लिमसोल रेषा. इंग्लंडात जुनी, कुजकी जहाजे मालाने ठासून भरायची, त्यांचा भरपूर विमा उतरवायचा आणि बुडाली तरी मालकाचा फायदाच, असा धंदा चाले. मरत ते खलाशी. लोक त्या जहाजांना शवपेट्या म्हणत. सॅम्युअल प्लिमसोल नावाच्या खासदाराने संसदेत आणि संसदेबाहेर ओरड करून 1876 साली कायदा करून घेतला, की प्रत्येक जहाजावर भारमर्यादेची रेघ असलीच पाहिजे. ती रेघ कुठे मारायची हे सुरुवातीला मालकांवरच सोडले होते, त्यामुळे कायदा बराच काळ दुबळा राहिला. पुढे सरकारने जागाही ठरवून दिली. एका रेघेने किती संसार वाचवले याची मोजदाद कोणी ठेवली असेल असे वाटत नाही.

स्वयंपाकघरातली प्रयोगशाळा

आता घरी करता येईल असे. भगिनींनी आणि मुलांनी मिळून एखाद्या रविवारी करून पाहावे. हल्ली इलेक्ट्रॉनिक वजनकाटा अनेकांकडे असतो, नसला तर शेजारी मिळतो.

काट्यावर अर्धे पाणी भरलेले भांडे ठेवा आणि शून्य करण्याचे बटण दाबा. म्हणजे भांडे आणि पाणी हिशेबातून गेले. आता वस्तू बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी हाताने लटकती धरा. तळाला लागू द्यायची नाही, कडेला टेकवायची नाही. काट्यावर जो आकडा येईल, तेवढे घनसेंटिमीटर त्या वस्तूचे आकारमान. आकडा ग्रॅममध्ये दिसतो, पण पाण्याचा एक ग्रॅम म्हणजेच एक घनसेंटिमीटर, म्हणून काही बदल करावा लागत नाही.

वस्तू तर आपण हातात धरली आहे, मग काट्यावर वजन कशाचे आले? पाणी बुडालेल्या वस्तूला वर ढकलते. विहिरीतली भरलेली कळशी पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की हात ओढते, ते यामुळेच. पाणी वस्तूला जेवढे वर ढकलते, तेवढीच वस्तू पाण्याला खाली दाबते, आणि तो दाब काटा दाखवतो. तो बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकाच असतो.

लहान वरवंटा घेतला आणि त्याचे कोरडे वजन 1 किलो 450 ग्रॅम भरले. पाण्यात लटकवल्यावर काटा 500 दाखवतो. 1450 भागिले 500, म्हणजे 2.9. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची घनता साधारण एवढीच असते. आकडा 2.3-2.4 आला तर तो दगड नसून सिमेंटचा ओतलेला आणि काळा रंगवलेला असण्याचा संभव आहे. लाकडासारखी तरंगणारी वस्तू असेल तर तिच्याखाली दगड बांधून बुडवायची आणि दगडाचे आकारमान मागाहून वजा करायचे.

काळजी दोनच. बुडबुडे अंगाला चिकटू देऊ नका, कारण त्यांची जागाही मोजली जाते. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला तर बुडबुडे सुटतात. आणि जी वस्तू पाणी पिते, जशी वीट, ती आधी रात्रभर भिजवून घ्यावी लागते.

कोकणातला भातशेतकरी हेच काम वजनकाट्याशिवाय करतो. दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओततो. भरलेला दाणा तळाशी, पोचट दाणा वर. वरचा काढून टाकायचा आणि तळाचा दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन पेरायचा. प्रत्येक दाण्याची घनता मोजायची गरज नाही, मिठाचे पाणीच निवाडा करते.

साडेचार किलो सिमेंट

मूर्तीची हकीकत 2019 सालची. आमच्या वस्तीतल्या विहारासाठी वर्गणी काढून दीड फुटाची पितळी बुद्धमूर्ती घेतली. भाव किलोवर, 900 रुपये. वजन 14 किलो, पावती 12,600 रुपयांची. मूर्तीचे बूड पत्र्याने झाळून बंद केलेले होते. महिला मंडळाच्या एका काकूंनी मूर्ती उचलली आणि म्हणाल्या, "भाऊ, हंडे-कळश्या घासण्यात माझा जन्म गेला. पितळ असं लागत नाही हाताला."

मी हिशेबनीस म्हणून पावती माझ्याकडेच होती. ठरवले की पाण्यात तोलून पाहू. त्यावर एका वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली, की बुद्धमूर्ती पिंपात बुडवायची हे बरे दिसत नाही. काकूच बोलल्या, "बाबा, बसवण्याआधी धुणार तर आहोतच. आज धुतली समजा." विषय मिटला.

एवढी मोठी वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्याला झेपणारी नव्हती, म्हणून शेजारच्या भंगारवाल्याकडून लटकता काटा मागून आणला. दोन खांबांवर बांबू, बांबूला काटा, काट्याला मजबूत दोरीने मूर्ती आणि खाली पाण्याचे पिंप. हवेत वजन 14 किलो बरोबर. दुकानदाराने वजनात मारले नव्हते हे कबूल केले पाहिजे. पिंप वर उचलून मूर्ती पूर्ण बुडाल्यावर काट्यावर आकडा आला 10 किलो 900 ग्रॅम. वजनात घट 3 किलो 100 ग्रॅम, म्हणजे मूर्तीने व्यापलेली जागा 3.1 लिटर. 14 ला 3.1 ने भागा, घनता साडेचार. पितळाची हवी साडेआठ. चौदा किलो भरीव पितळाने जेमतेम 1.65 लिटर पाणी सारले असते आणि काट्यावर 12 किलो 350 ग्रॅमच्या आसपास आकडा दिसला असता.

इथे घाई करून चोर म्हणायचे नाही. मूर्ती आतून पोकळ असेल आणि पोकळीत फक्त हवा असेल, तर चौदाच्या चौदा किलो पितळच आहे आणि आपली फसवणूक मुळीच झालेली नाही. पोकळ ओतकाम हीच मूर्तिकारांची रीत आहे. घनता एवढेच सांगते, की आत पितळाखेरीज काहीतरी आहे. ते हवा आहे की भर आहे हे ती सांगत नाही. पण आत सिमेंट असेल असे धरले आणि त्याची घनता 2.3 घेतली, तर गणित करता येते. दोन वस्तू, वजन मिळून 14 किलो, जागा मिळून 3.1 लिटर. पावतीच्या मागेच आकडेमोड केली. पितळ साधारण 9.4 किलो आणि सिमेंट 4.6 किलो असे उत्तर आले.

मूर्ती, पिंप, काटा सगळे घेऊन आम्ही सातजण दुकानी गेलो. मालक म्हणाले, "माल वरून असाच येतो." बुडाचा पत्रा आमच्यासमोर उघडा, एवढीच आमची मागणी. आधी नाही म्हणाले. ग्राहक मंचाचा विषय निघाल्यावर कारागीर बोलावला. पत्रा निघाला, आतून सिमेंट-रेती निघाली. तोलली ती 4 किलो 350 ग्रॅम भरली. माझा अंदाज पावकिलोने चुकला, कारण भरलेल्या मालात रेती जास्त होती. "म्हणजे सिमेंटला पितळेचा भाव?" काकूंनी विचारले. 3,915 रुपये परत मिळाले, त्याची नवी पावती झाली. मूर्ती तीच ठेवली. आता ती हलकी झाली आहे आणि पौर्णिमेला पुसायला उचलताना बरे पडते.

सोन्याचे काय

पाण्यात तोलण्याची पद्धत म्हटली की आर्किमिडीजचे नाव येते. सिराक्यूजचा राजा हिएरो, सोनाराने मुकुटात चांदी मिसळल्याचा संशय, न्हाणीघर, ओसंडणारे पाणी. ही गोष्ट व्हिट्रुव्हियस या रोमन लेखकाने आर्किमिडीजनंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहिली. हिशेब करून पाहिला तर ती थोडी खटकते. एक किलोच्या मुकुटात तीस टक्के चांदी मिसळली तरी आकारमानात फरक पडतो सुमारे 13 घनसेंटिमीटरचा. वीस सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात पाण्याची पातळी त्याने अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. डोळ्याने ते दिसणार कसे? गॅलिलिओलाही हीच शंका आली. 1586 साली, बावीस वर्षांचा असताना, त्याने छोटा निबंध लिहून दाखवले की आर्किमिडीजने पाणी सांडून नव्हे तर वस्तू पाण्यात लटकवून तोलली असावी. आम्ही मूर्तीला जे केले तेच.

आपल्या घरात सोने म्हणजे हौस कमी आणि अडीअडचणीची तरतूद जास्त. मुलाची फी, बाळंतपण, दवाखाना, आणि मग डोरले किंवा कर्णफुले गहाण. त्या वेळी समोरचा माणूस म्हणतो, "यात खोट आहे, एवढेच मिळतील," आणि आपण मान खाली घालून सही करतो. म्हणून ही माहिती अडचण येण्याआधीच घरात हवी.

22 कॅरेट म्हणजे हजारात 916 भाग सोने. उरलेला भाग तांबे किंवा चांदी. त्याची घनता मिसळीप्रमाणे साडेसतरा ते अठरा. 18 कॅरेटची पंधरा ते सोळा. नुसत्या पितळावर मुलामा असेल तर साडेआठच्या आसपास. समजा भरीव अंगठी 8.90 ग्रॅमची आहे. पाण्यात लटकवल्यावर काटा 0.50 दाखवतो, तर घनता 17.8, ठीक. 0.60 दाखवतो, तर 14.8, चौकशी करायला हवी. पण लक्षात घ्या, सारा फरक एका ग्रॅमच्या दहाव्या भागाचा आहे. भाजी तोलायचा काटा इथे निरुपयोगी. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला काटा लागतो. तो काहीशे रुपयांत मिळतो, चार-पाच घरांनी किंवा बचत गटाने मिळून एक घ्यावा.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. डोरल्याच्या वाट्या आतून पोकळ असतात, कित्येकदा त्यात लाख भरलेली असते. काळे मणी, खडे, दोरा यांची घनता वेगळी. असा दागिना पाण्यात तोलून काही कळणार नाही, उलट खऱ्या सोन्यावर उगाच संशय येईल. भरीव अंगठी, बांगडी, वळे, नाणे यांनाच ही कसोटी लावावी. आणि टंगस्टन नावाच्या धातूची घनता जवळजवळ सोन्याइतकीच, 19.3, आहे. त्यावर सोन्याचा पत्रा चढवला तर पाणीही फसते. उलट दुकानातले क्ष-किरणांचे यंत्र वरच्या थराचेच सोने वाचते, आतले त्याला दिसत नाही. एक बाहेरचे सांगते, एक आतले. दोन्हींचे उत्तर जुळले तर मन बरेच निःशंक होते.

भारतीय मानक ब्युरोने सोन्यावर हॉलमार्क 2000 साली सुरू केला. 16 जून 2021 पासून देशातल्या 256 जिल्ह्यांत तो सक्तीचा झाला, पुढे जिल्हे वाढत गेले. 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक नसलेला दागिना सक्तीच्या क्षेत्रात विकता येत नाही. नव्या दागिन्यावर तीन खुणा पाहा: ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (22 कॅरेटसाठी 22के916) आणि तो क्रमांक. 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपमध्ये क्रमांक घातला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सोनाराची नोंदणी दिसते. मात्र 2 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूला सक्तीतून सूट आहे. चमकी, लहान कर्णफुले, मुलांच्या बाळ्या, म्हणजे आपण जे जास्त घेतो तेच नेमके सुटीत! तिथे पक्की पावती, तीवर कॅरेट आणि वजन, एवढे तरी मागून घ्या. जुना दागिना असेल तर सामान्य ग्राहकालाही हॉलमार्किंग केंद्रात फी भरून तो तपासून घेता येतो. गहाण ठेवण्याआधी तो कागद हातात असला तर बोलण्यात जोर येतो.

वाळूचा ब्रास

रमाई आवास किंवा दुसऱ्या योजनेतून ज्यांचे घरकुल चालू आहे त्यांच्यासाठी थोडे. वाळू ब्रासने मिळते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. कोरडी वाळू असेल तर त्याचे वजन साधारण सव्वाचार ते साडेचार टन भरते. पण वाळू किंचित दमट असली की फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि तीच वाळू जास्त जागा व्यापते. बारीक वाळूत ही फूग पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत जाते. गंमत अशी, की पूर्ण भिजवली तर फूग मोडते आणि वाळू परत खाली बसते.

गाडी रिकामी होण्याआधी तपासा. सरळ भिंतींच्या बरणीत ती दमट वाळू न दाबता भरा आणि उंची मोजा, समजा 20 सेंटिमीटर. मग वाळू काढून बरणीत पाणी घ्या, वाळू परत त्यात सोडा, काठीने ढवळा, बसू द्या. आता उंची 16 आली, तर वाळू पंचवीस टक्के फुगलेली होती. शंभर घनफुटांचे पैसे देऊन तुम्हाला ऐंशीच मिळाले. तिच्यातले पाणी मात्र वजनाने पाच टक्क्यांच्या आसपासच असते. म्हणून दमट वाळू मापापेक्षा वजनकाट्यावर तोलून घेतलेली परवडते. ठेकेदार मिश्रण घमेल्याने मोजत असेल तर त्यालाही हे सांगा, नाही तर गिलाव्यात वाळू कमी पडेल आणि सिमेंट उगाच जास्त जाईल.

सर्वांत मोठी, सर्वांत वेडीवाकडी वस्तू

माणसाचे शरीरही असे तोलले गेले आहे. अमेरिकन नौदलातले डॉ. आल्बर्ट बेन्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1942 साली 25 व्यावसायिक फुटबॉलपटूंना पाण्याखाली तोलले. उंची-वजनाच्या तक्त्याप्रमाणे त्यातले 17 जण जाड, म्हणून सैन्याला नालायक ठरत होते. पाण्याने सांगितले की ती चरबी नाही, स्नायू आहेत. चरबी पाण्यापेक्षा हलकी, स्नायू जड.

आणि पृथ्वी? तिला बुडवायला पिंप कुठले! 1798 साली हेन्री कॅव्हेंडिश यांनी लंडनमध्ये बंद खोलीत, दुर्बिणीतून बाहेरून पाहत, प्रत्येकी 158 किलो वजनाचे दोन शिशाचे गोळे तारेला टांगलेल्या दोन लहान गोळ्यांना किती ओढतात ते मोजले. त्या अतिसूक्ष्म ओढीवरून पृथ्वीची सरासरी घनता काढली: पाण्याच्या 5.48 पट. आपल्या पायाखालचा दगड 2.7 ते 2.9 चा. म्हणजे आत खोलवर फार जड काहीतरी असलेच पाहिजे. आज आपण जाणतो की तो बहुतांशी लोखंडाचा गाभा आहे. मूर्तीच्या आत हलके निघाले, पृथ्वीच्या आत जड.

आमच्यासारख्या आकडेमोड करून पोट भरणाऱ्याला यातला पुढचा भाग फार आवडतो. फ्रान्सिस बेली नावाचे गृहस्थ लंडनच्या शेअर बाजारात दलाल होते. पैसा मिळवून 1825 साली धंद्यातून निवृत्त झाले आणि खगोलशास्त्राला लागले. त्यांनी कॅव्हेंडिशचा प्रयोग वर्षानुवर्षे पुन्हा केला आणि जुनी टाचणेही तपासली. त्यांना आढळले की कॅव्हेंडिशचे मोजमाप निर्दोष होते, पण सरासरी काढताना चूक झाली होती. त्यांच्याच आकड्यांवरून उत्तर 5.45 यायला हवे होते. ही चूक पंचेचाळीस वर्षे कोणाच्या नजरेस आली नव्हती. खुद्द बेलींचे स्वतःचे उत्तर 5.67 आले, म्हणजे कॅव्हेंडिशपेक्षाही जास्त चुकले. आज मान्य असलेला आकडा 5.51 आहे.